व्यायामशिक्षकांचे गुरुजी : स्वामी कुवलयानंद

यंदाच्या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र मी लिहावे असे ठरले, तेव्हा मंडळातील बहुतेक भगिनींनी गृहीतच धरले की मी पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांवर लिहिणार. ते साहजिकच होते. विष्णु दिगंबर १८७२ साली आपल्या या कुरुंदवाडात जन्मले, लहानपणी दारूकामाने त्यांची दृष्टी अधू झाली, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी बसून ते गाणे शिकले आणि १९०१ साली थेट लाहोरास जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, ही हकीगत आपल्या गावात लहान मुलासही ठाऊक असते. परंतु मला त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट नेहमी अधिक मोठी वाटत आली आहे. ते नुसते गायले नाहीत. गाणे शिकविणारे शिक्षक त्यांनी तयार केले. विद्या एका गळ्यात राहिली तर गळ्याबरोबर जाते, आणि शिक्षक तयार झाले तर ती गावोगाव पोहोचते, हे त्यांनी ओळखले होते.

व्यायामाच्या क्षेत्रात हेच ज्यांनी ओळखले त्या गृहस्थांविषयी मी आज लिहिणार आहे. ते आपल्या गावचे नव्हेत. परंतु माझ्या आयुष्यावर त्यांचे ऋण आहे, आणि ते कसे हे सांगितल्यावाचून त्यांचे चरित्र सांगणे मला जमणार नाही. तेव्हा थोडे स्वतःविषयी लिहिते, त्याबद्दल भगिनींनी क्षमा करावी.

आपले गाव व्यायामाला कधीच परके नव्हते. पटवर्धनांच्या संस्थानापासून चालत आलेला तालमींचा नाद आजही गेलेला नाही, आणि २०१४ साली ग्लासगो येथील राष्ट्रकुल सामन्यांत आपल्याकडच्या मुलांनी वजन उचलून कांस्यपदके आणली तेव्हा आपण सर्वजणींनी रस्त्यावर येऊन पेढे वाटले आहेत. परंतु माझ्या लहानपणी आम्हां मुलींना तालमीचा उंबरा ओलांडता येत नसे. आम्ही खो-खो खेळलो तो घाटाकडच्या मोकळ्या जागेत, परकराचा काचा मारून. तेवढ्या भांडवलावर १९७४ साली, बी.ए. झाल्यानंतर, पंचक्रोशीतील एका शाळेत मी नोकरीस लागले. नेमणूक मराठी व इतिहास शिकविण्यासाठी होती. पण मी खो-खो खेळले आहे असे कळल्यावर मुख्याध्यापकांनी मुलींचे पी.टी.चे तास माझ्याकडे दिले. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, मलाही नाही. शिट्टी गळ्यात अडकवली की पी.टी.च्या बाई तयार, असाच तेव्हाचा समज होता.

त्या वर्षी मी कुठल्याशा दिवाळी अंकात सर्वांगासनाची चित्रे पाहिली आणि मोठ्या हौसेने मुलींकडून ते आसन करवून घेऊ लागले. सातवीतील एक मुलगी दरवेळी मागे राही. मला वाटले, आळस करते. एके दिवशी मी तिला सर्वांसमोर बोलले आणि पाय वर धरून ठेवावयास लावले. उठल्यावर तिला घेरी आली, कानात कळ उठली आणि कानातून पाणी आले. तिचा तो कान लहानपणापासून वाहत असे. घरचे कोणी बोलले नव्हते आणि मी विचारले नव्हते. आठ-दहा दिवसांत ती बरी झाली, एवढे नशीब. तिची आई शाळेत आली ती भांडायला नव्हे. ती कोपऱ्यात उभी राहिली आणि मुलीला पी.टी.तून सूट द्या एवढेच म्हणून गेली. ती भांडली असती तर मला बरे वाटले असते.

चार वर्षांनी, १९७८ साली, मी बी.पी.एड. करावयास गेले. पदरात दीड वर्षाचे मूल होते. ते सासूबाईंनी सांभाळले. घरात पुष्कळ बोलणी झाली. लग्न झालेल्या बाईने मैदानावर धावण्याचे शिक्षण घ्यायचे म्हणजे काय, हे आमच्या नात्यातल्या मंडळींना समजावून सांगणे मला शेवटपर्यंत साधले नाही. त्या कॉलेजात आम्हांला शरीरशास्त्र शिकविणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. त्या स्वतः कांदिवलीस शिकलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हांला धावायला लावले नाही, की शिट्टी दिली नाही. त्यांनी आम्हांला एकमेकींच्या मनगटावर बोट ठेवून नाडी मोजावयास बसविले. आणि योगासनांचा तास आला तेव्हा त्यांनी हाती दिले ते स्वामी कुवलयानंदांचे आसनांवरील पुस्तक. त्यात कान वाहणाऱ्यांनी व डोळ्यांच्या रक्तवाहिन्या नाजूक असणाऱ्यांनी कोणती आसने टाळावीत ते स्पष्ट लिहिले होते. ते पान वाचताना मला काय वाटले असेल ते भगिनींना वेगळे सांगावयास नको. हे पुस्तक १९३० च्या सुमाराचे होते. म्हणजे माझी ती चूक होण्याच्या चाळीस वर्षे आधी ती टाळण्याची सोय कोणी करून ठेवली होती. ती माझ्यापर्यंत पोहोचली नव्हती इतकेच.

हे कुवलयानंद कोण?

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. घरची गरिबी, शिक्षणासाठी त्यांना फार खस्ता खाव्या लागल्या. परंतु बुद्धी अशी तल्लख की १९०३ च्या मॅट्रिक परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. आपल्याकडे व्यायामाची आवड असणारा मुलगा अभ्यासात कच्चाच असणार असे मानण्याची खोड आहे, म्हणून ही शिष्यवृत्तीची गोष्ट मी मुद्दाम सांगत असते. बडोदे कॉलेजातून १९१० साली ते पदवीधर झाले. त्या कॉलेजात अरविंद घोष अध्यापक होते; बाहेर लोकमान्यांच्या चळवळीने वातावरण तापलेले होते. तरुण जगन्नाथरावांनी ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला तो याच काळात.

त्याच वर्षांत, १९०७ ते १९१० पर्यंत, ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. जुम्मादादा हे माणिकरावांचे गुरू. मुसलमान वस्ताद, हिंदू शिष्य, आणि शिष्याने व्यायामशाळेस गुरूचे नाव द्यावे, यात आपल्या कुरुंदवाडकरांना काही नवल वाटणार नाही. आपल्याकडे मशिदींत गणपती बसतात. माणिकरावांचा विशेष असा की, एकेका पठ्ठ्याला मातीत घोळविण्यावर ते थांबले नाहीत; शेकडो मुलांकडून एकाच वेळी, एका हुकुमावर व्यायाम कसा करवून घ्यावा याची पद्धत त्यांनी बसविली. पुढे कुवलयानंदांनी जे केले त्याचे बी येथे पडले असे मला वाटते.

पदवी घेतल्यानंतर जगन्नाथराव खानदेशात अमळनेरला गेले. तेथील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला, राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या कॉलेजचे ते प्राचार्य झाले, आणि १९१६ पासून १९२३ पर्यंत त्यांनी शाळा-कॉलेजांतून अध्यापन केले. इंग्रज सरकारला त्या राष्ट्रीय कॉलेजातील वारे मानवले नाही आणि ते बंद पडले. याच काळात, १९१९ मध्ये, नर्मदेच्या काठी मालसर येथे राहणारे परमहंस माधवदासजी त्यांना भेटले. माधवदासजी मूळचे बंगालचे, वयाने फार वृद्ध, योगाभ्यासात मुरलेले. त्यांच्याजवळ जगन्नाथराव योग शिकले.

आणि येथे त्यांच्या चरित्रातील मला सर्वांत प्रिय असलेला प्रसंग येतो. गुरूने क्रिया शिकविल्या, शिष्याला त्या साधल्या, अनुभव आला. दुसरा कोणी असता तर डोळे मिटून मठात बसला असता, किंवा चमत्कार सांगत गावोगाव हिंडला असता. या गृहस्थांच्या मनात आले की हे शरीरात नेमके होते तरी काय ते पाहू या. बस्तीच्या क्रियेत योगी पाण्यात बसून ते पाणी आतड्यात ओढून घेतात. ते कसे, याबद्दल तर्कच तेवढे होते. यांनी १९२०-२१ साली बडोद्याच्या इस्पितळात आपल्या विद्यार्थ्यांना नेले, उड्डियान आणि नौली चालू असताना त्यांची पोटे क्ष-किरणांच्या यंत्राखाली पाहिली, दाबमापक लावून आतील दाब मोजला. तेव्हा असे आढळले की नौलीत पोटाचे स्नायू पुढे आले म्हणजे आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि म्हणून पाणी आपोआप आत शिरते. मंत्र नाही, सिद्धी नाही. या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूचे नाव दिले, माधवदास व्हॅक्युम. गुरूविषयीचा आदर आणि मोजपट्टी या दोन गोष्टी एका माणसात अशा सुखाने नांदलेल्या मी तरी दुसरीकडे पाहिल्या नाहीत.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी योगमीमांसा नावाचे त्रैमासिक सुरू केले. त्यात प्रयोगांचे आकडे छापले जात. शीर्षासनात आणि सर्वांगासनात रक्तदाब किती चढतो हेही त्यांनी मोजून छापले. प्राणायामाबद्दलचा त्यांचा निष्कर्ष तर आजही आपल्यापैकी पुष्कळजणींना चकित करील. प्राणायाम केल्याने फुप्फुसांत जास्त प्राणवायू जातो असे आपण सर्रास म्हणतो. मंडळाच्या वर्गातही कोणीतरी दर महिन्याला म्हणतेच. कुवलयानंदांनी ते मोजले आणि तसे होत नाही असे सांगितले. प्राणायामाचे मोल त्यांना कमी वाटत होते असे नाही. त्याचा अभ्यास ते जन्मभर करीत राहिले. पण खोट्या कारणाने खऱ्या गोष्टीची तरफदारी करणे त्यांना मान्य नव्हते.

त्यांचे नाव सर्वत्र झाले. १९२७ साली महात्माजींची प्रकृती बिघडली, रक्तदाब वाढला, तेव्हा विश्रांतीच्या काळात त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठातून कोवूर बेहनन हे मूळचे केरळचे मानसशास्त्रज्ञ लोणावळ्यास येऊन राहिले, अभ्यास शिकले आणि १९३७ साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात व्यायामशिक्षक घडविणाऱ्या जोसेफिन रॅथबोन या विदुषीही कैवल्यधामात येऊन गेल्या. एक प्राध्यापक बाई सातासमुद्रापलीकडून लोणावळ्यात येऊन पाहतात, आणि मी कुरुंदवाडची मुलगी मुंबईच्या वाटेवरचे लोणावळे फक्त चिक्कीसाठी ओळखत होते!

परंतु माझ्या दृष्टीने त्यांचे खरे कार्य पुढचे आहे. शाळेतील शेकडो मुलांना एकत्र करता येतील असे योगाचे व्यायाम त्यांनी बसविले. त्याला यौगिक संघव्यायाम म्हणत. त्या काळच्या संयुक्त प्रांतातील शाळांतूनही त्यांचे व्यायाम गेले. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. खेर शिक्षणाकडे स्वतः लक्ष देत. शाळांतील शारीरिक शिक्षण कसे असावे हे ठरविण्यासाठी त्यांच्या सरकारने समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद कुवलयानंदांना दिले. त्या वेळी शाळांतून ड्रिल शिकवीत ते बहुधा पलटणीतून परत आलेले हवालदार, किंवा गावातील एखादा पहिलवान. माणसे कष्टाळू होती, यात शंका नाही. परंतु शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची नसे आणि मुलांच्या शरीराचे त्यांना ज्ञान नसे. तालमीतला वस्ताद आपल्या पसंतीचा पठ्ठा निवडून घेतो, त्याला वर्षानुवर्षे पाहतो, त्याचा खुराक जाणतो. शाळेतील शिक्षकापुढे चाळीस अनोळखी मुली उभ्या असतात. कोणी उपाशी आलेली, कोणाला दमा, कोणाचा कान वाहतो. वस्तादाची विद्या कितीही मोठी असली तरी येथे ती पुरी पडत नाही; येथे वेगळे शिक्षण लागते.

या विचारातून १९३८ साली कांदिवलीस सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. मद्रासेत वाय.एम.सी.ए.चे कॉलेज हॅरी बक यांनी १९२० सालीच काढले होते; पण सरकारने हे आपले काम मानावे, पदवीधरांनी वर्षभर बसून शरीरशास्त्र, आरोग्य आणि अध्यापनपद्धती शिकावी आणि मग मैदानावर उभे राहावे, ही गोष्ट आपल्या इलाख्याला नवी होती. कांदिवलीच्या संस्थेचे प्राचार्य पी. एम. जोसेफ हे पुढे १९५७ साली ग्वाल्हेरला निघालेल्या, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाच्या कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. कांदिवलीस शिकलेले शिक्षक ठिकठिकाणी गेले, त्यांतील काही कॉलेजांतून प्राध्यापक झाले, आणि त्यांच्याच पैकी एक आमच्या बाई. असा तो धागा माझ्यापर्यंत आला.

एक गोष्ट मात्र मनात राहते ती लिहून टाकते. एवढे सारे ठरले, कायदेकानू झाले, तासिका ठरल्या. तरी मी नोकरीत होते तोपर्यंत सहामाही जवळ आली की माझे तास गणिताला जात. प्रशिक्षण घेऊन परतल्यावरही जात. खुर्ची मिळाली, तास मिळाला नाही. कुवलयानंदांच्या समितीने पाया घातला हे खरे, पण पालकांच्या मनात व्यायामाला मार्क कसे मिळवून द्यावेत हे कोणत्याच समितीला उमगलेले दिसत नाही. आजही नातीच्या शाळेचे वेळापत्रक पाहते तेव्हा मला जुनीच ओळख पटते.

स्वामीजींचा उतारवयाचा काळ लोणावळ्यातच गेला. १९५१ साली तेथे योगाचे शिक्षक तयार करणारे गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले. पुढे योगोपचारांचे रुग्णालय निघाले. मुंबईस मरीन ड्राइव्हवर त्यांनी काढलेले आरोग्यकेंद्र त्याआधीच, १९३६ पासून चालू होते. १८ एप्रिल १९६६ रोजी ते वारले. त्यांच्या मागे स्वामी दिगंबरजींनी संस्था सांभाळली. मी त्यांना कधी पाहिले नाही. ते गेले तेव्हा मी शाळकरी मुलगी होते आणि त्यांचे नावही माझ्या कानावर आले नव्हते.

बी.पी.एड.च्या वेळी विकत घेतलेली त्यांच्या पुस्तकाची प्रत अजून माझ्याजवळ आहे. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आमच्या घरात छातीपर्यंत चढले, तेव्हा इतर पुष्कळ वस्तूंबरोबर तेही भिजले. सून टाकून द्या म्हणत होती. मी पानन् पान सोडवून माळ्यावर वाळविले. आता पाने फुगली आहेत, आणि काहींवरची चित्रे समोरच्या पानावर उमटली आहेत, पण अक्षर वाचता येते.

मंडळाच्या सकाळच्या वर्गात नवीन भगिनी आली की मी प्रथम वही काढते. वय, रक्तदाब, कान, डोळे, बाळंतपणे, झालेली शस्त्रक्रिया. काहीजणींना याचा कंटाळा येतो. योगा शिकायला आलो की दवाखान्यात, असे कुजबुजतात, ते मला ऐकू येते. गेल्या वर्षी वर्गात एक बाई नव्याने आल्या, साठीच्या पुढच्या. मी वहीत कान असे लिहिलेल्या रकान्यापाशी आले, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की डावा, तो तुम्हांला माहीत आहे. मग मी त्यांच्याकडे नीट पाहिले. त्या आता तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसतात. बाकीच्या जणी सर्वांगासन करतात तेव्हा त्या शवासनात पडून राहतात, आणि मीही त्या वेळी त्यांच्याशेजारी जाऊन बसते.